लाल धाग्याची वांगी

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडिलांचा धुळ्यात छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका पोटासाठी आणि पत्रकं मनासाठी, अशी त्यांनी आयुष्याची सरळ वाटणी करून टाकली आहे. आई शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी पत्रकांचं शुद्धलेखन तपासायची. उरलेली पत्रकं वाया घालवणं आमच्याकडे गुन्हा होता. त्यामुळे फडताळात पत्रकं अंथरलेली, डब्यांखाली पत्रकं, आणि माझ्या शाळेच्या डब्यातली पोळी कायम कशाच्या तरी निषेधात गुंडाळलेली. मी वाचायला शिकले तीही त्यांच्यावरच. बाकीची मुलं पाटीवर कमळ आणि बदक लिहीत होती तेव्हा मी ‘धिक्कार’ लिहून दाखवला आणि जोडाक्षर बरोबर आलं म्हणून आईने पाठ थोपटली.

घरात देव्हारा नव्हता. दारावर लिंबू-मिरची टांगण्याच्या विरोधातलं पत्रक मी सहावीत असताना भर बाजारात वाटलं होतं. लिंबं विकणाऱ्या मावशींनी माझ्याकडून मोठ्या उत्साहाने गठ्ठाच मागून घेतला. मला वाटलं, परिवर्तन झालं. दुसऱ्या दिवशी त्या गिऱ्हाइकांना त्याच पत्रकांत लिंबू-मिरची बांधून देत होत्या.

पत्रकाबद्दल वडिलांचे नियम पक्के होते. लिहिलेलं खरं पाहिजे. चहाच्या टपरीवर उभ्या माणसाला ते एक कप संपेपर्यंत समजलं पाहिजे. आणि शेवटी मागणी पाहिजे. मागणी नसलेलं पत्रक म्हणजे पत्ता नसलेली लग्नपत्रिका, असं ते म्हणत. लोक नटून बाहेर पडतात आणि कुठे जायचं ते कळत नाही.

अशा घरातून मी जळगावला विद्यापीठात गेले आणि प्रथिनांवर पीएचडी करायला लागले. प्रथिन म्हणजे दिवाळसणाला आलेला जावई. त्याला गरम चालत नाही, फार हलवलेलं चालत नाही, फेस आला की तो बिघडतो, आणि मिठाचं प्रमाण जरा चुकलं की रुसून तळाशी जाऊन बसतो. म्हणून आमच्या विभागात एक शीतकक्ष होता. चार अंश तापमानाची ही खोली जळगावच्या मे महिन्यात काय चीज असते ते वेगळं सांगायला नको. एप्रिल उजाडला की इतर विभागांतल्या प्राध्यापकांना अचानक जीवरसायनशास्त्रात रस निर्माण व्हायचा. एक गृहस्थ तर वर्तमानपत्र आणि घडीची खुर्ची घेऊन यायचे. मी दारावर ‘शीतकक्ष कोणाचा? प्रथिनांचा की प्राध्यापकांचा?’ असं पत्रक लावलं. आमच्या सरांनी ते काढलं, घडी घातली आणि मला परत दिलं. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. भला माणूस. त्यांना जगात दोनच गोष्टींची भीती वाटायची, एक समितीची आणि दुसरी माझ्या पत्रकांची.

माझा विषय होता डीएनएची दुरुस्ती. छापखान्यात वाढल्यामुळे तो मला पहिल्याच दिवशी कळला. डीएनए हा एक लांबलचक मजकूर आहे. त्याला कडक ऊन लागलं, की उन्हातल्या अतिनील किरणांनी शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात, आणि मग पेशीला तो मजकूर वाचता येत नाही. काही जिवांमध्ये एक प्रथिन असतं. ते चिकटलेल्या जागी जाऊन बसतं, उजेडातला निळा भाग घेतं आणि त्याच्या जोरावर ती दोन अक्षरं पुन्हा सुटी करतं. बिघाड उन्हामुळे आणि दुरुस्तीही उन्हामुळेच. हे प्रथिन बेडकात आहे, कांगारूत आहे, वांग्यात आहे. माणसात नाही. माणसाचं शरीर तेच काम लांबच्या वाटेने, रेंगाळत करतं.

हे ऐकल्यावर मला फार राग आला होता. वांग्याला मिळतं आणि आपल्याला नाही. सर म्हणाले, उत्क्रांतीचा निषेध करता येत नाही, तू पुढचं पान वाच.

तर मला वांगी हवी होती. भरताची मोठी, हिरवट पांढरी, पातळ सालीची. बाजारातली चालणार नव्हती, कारण त्यांनी किती ऊन खाल्लं ते भाजीवाल्याला माहीत नसतं. मला अर्धी वांगी उघड्या उन्हात वाढलेली हवी होती आणि अर्धी अतिनील किरण अडवणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकखाली. मग दोन्हींच्या सालीतून ते प्रथिन काढायचं आणि उन्हातल्या वांग्यांनी ते जास्त बनवलं का, हे बघायचं. विद्यापीठात यासाठी जमीन मिळेना. तेव्हा वडिलांचे जुने मित्र धावून आले. दोंडाईचाजवळ त्यांचं शेत आहे. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो आणि त्यांच्या बायकोला अक्का. नानांनी विहिरीजवळचा एक तुकडा मला देऊन टाकला. पाणीही तेच भरायचे. मी जळगावहून आगगाडीने जाऊन मोजमापं घ्यायचे.

झाडांमध्ये घोळ होऊ नये म्हणून मी प्रत्येक फळाच्या देठाला धागा बांधला. उघड्या उन्हातल्यांना लाल आणि प्लास्टिकखालच्यांना पिवळा. धागा दोंडाईच्यातून आणला. मी दुकानदाराकडे पक्क्या रंगाचा सुती धागा मागितला आणि त्याने पूजेच्या सामानातून काढून दिला. धागा तो धागा, असं मला वाटलं.

पुढच्या खेपेला गेले तर लाल धाग्याच्या सगळ्या झाडांच्या बुंध्यांना हळदकुंकू लावलेलं होतं. एका झाडाशी उदबत्तीच्या काड्या खोचल्या होत्या आणि एकापुढे नारळाची वाटी होती. विहिरीवर येणाऱ्या बायकांनी धागे पाहिले, शिकलेली पोरगी आगगाडीने येऊन झाडांपुढे तास तास उकिडवी बसते हेही पाहिलं, आणि त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. प्लास्टिकखाली हात जात नव्हता म्हणून पिवळ्या धाग्याची झाडं तेवढी कोरी राहिली होती.

लिंबू-मिरचीविरुद्ध पत्रकं छापलेल्या माणसाच्या मुलीची वांगी नवसाला पावायला लागली होती. मी ओल्या फडक्याने एकेक बुंधा पुसला. नाना बांधावर बसून बघत होते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की धागा बांधल्यापासून शेतातलं एकही वांगं चोरीला गेलेलं नाही. एरवी येणारा-जाणारा दोन-चार खुडतोच. मी त्यांना सांगितलं, अंधश्रद्धेच्या पायावर उभं राहिलेलं संरक्षण मला नको आहे. नाना म्हणाले, बरं.

त्याच संध्याकाळी मी धुळ्याला घरी गेले आणि एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. ते मला अजून पाठ आहे:

‘ही वांगी देवाची नाहीत. नवसाची नाहीत. कोणा सरांची किंवा मॅडमचीही नाहीत. हे संशोधन जनतेच्या करातून चालतं. म्हणून ही वांगी जनतेची आहेत. उन्हाने झालेली इजा ती स्वतः भरून काढतात. अशी ताकद माणसातही नाही.’

वडिलांनी ते दोनदा वाचलं. त्यांचे डोळे पाणावले म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण त्यांनी चष्मा पुसला हे खरं. मग म्हणाले, झकास आहे, पण यात मागणी नाही. मी म्हटलं, ही माहिती आहे, माहितीला मागणी कशाला? आई म्हणाली, निदान ‘तोडू नका’ तरी लिही. मला ते हुकूमशाही वाटलं. जनतेची वस्तू जनतेला देऊन लगेच हात लावू नका म्हणणं कुठल्या तत्त्वात बसतं? पिवळ्या कागदावर पत्रक छापलं, बांधावर काठ्या रोवून लावलं आणि गावात घरोघरी वाटलं.

परिणाम तत्काळ झाला. हळदकुंकू बंद झालं. एक बाई मात्र वाटेत थांबवून विचारायला लागली, की हे वांगं खाल्लं तर उन्हाने काळं पडलेलं तोंड उजळतं का. मी तिला बांधावर बसवून समजावलं, की पोटात गेलं की प्रथिनाचे तुकडे होतात, आणि त्याआधी भाजलं तर ते तिथेच संपतं. तिने सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, मग कच्चं खायचं का?

आता समितीचं सांगते. माझ्या फेलोशिपचं शेवटचं वर्ष मंजूर व्हायचं होतं. त्यासाठी दोन जणांची समिती शेतावर येऊन झाडांवरची फळं बघणार, आणि त्यांच्यासमोर मी ती तोडून गोठवून जळगावला नेणार, असं ठरलं होतं. सरांनी मला साफ सांगितलं होतं, फळं दिसली तर वर्ष मिळेल, नाही दिसली तर बिऱ्हाड आवर. बिऱ्हाड आवरणं म्हणजे धुळ्याला परत जाऊन लग्नपत्रिकांवर ‘आमच्या आत्याच्या लग्नाला नक्की यायचं हं’ छापणं. मला त्या ओळीचा लहानपणापासून तिटकारा आहे.

थंडीचे दिवस होते. फळं भरून आली होती, सालीवर अशी तकाकी की त्यांत तोंड बघावं. आदल्या दिवशीच मी जनावरांच्या दवाखान्यातून द्रव नायट्रोजनचा जार मागून आणला. एरवी त्यात वळूंचं वीर्य ठेवतात. तो जार घेऊन मी गावातून चालले होते तर एकाने कोणाची म्हैस आहे म्हणून विचारलं. समितीच्या दिवशी सकाळी जार विहिरीजवळच्या खोपीत ठेवला, नानांना म्हटलं, नाना, वांग्यांकडे लक्ष ठेवा, पाव्हणे फार मोठे आहेत, आणि समितीला आणायला दोंडाईचा स्टेशनवर गेले.

गाडी उशिरा आली. समितीत एक अध्यक्षबाई होत्या. पांढरे केस, पायात बूट, कोणाच्याही वाक्याच्या शेवटाची वाट बघणारी शांत नजर. दुसरे जळगावच्या पूर्वेकडचे प्राध्यापक होते. रावेर-यावलच्या बाजूचा हा माणूस भरताविषयी बोलायला लागला की ऐकणाऱ्याने वही काढावी. सर त्यांच्यामागे दोघांच्याही बॅगा धरून उतरले. जीपमध्ये प्राध्यापकांनी आम्हाला सांगितलं, की भरीत हे खरं त्यांच्याच भागातलं, धुळ्याकडे लोक वांग्याची भाजी करतात आणि तिला भरीत म्हणतात. मी धुळ्याची आहे. मी खिडकीबाहेर बघितलं, कारण फेलोशिपचा प्रश्न होता.

शेताच्या अलीकडेच वास आला. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचा, लसणाचा आणि हिरव्या मिरचीचा. प्राध्यापक बोलायचे थांबले. खोपीसमोर सतरंजी अंथरलेली, केळीची पानं मांडलेली. अक्का ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी करत होत्या, आणि नाना लाकडी बडगीत भरीत ठेचून नुकतेच उठले होते. कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर लेकीचं लग्न लागल्यासारखं समाधान. थंडीत खानदेशात पाहुणा शेतावर आला आणि त्याला भरीत न घालता परत पाठवला, तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. हे मला माहीत होतं. सरांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं, म्हणून कोणालाच काही वाटलं नाही.

आधी जेवण, मग शेत, असं नानांनी जाहीर केलं. आम्ही बसलो. मी मोठ्या विश्वासाने सांगते, असं भरीत मी त्याआधी आणि नंतर खाल्लं नाही. वर कांद्याची पात, शेंगदाणे, तेलाचा तवंग. अध्यक्षबाईंनी दुसऱ्यांदा घेतलं. प्राध्यापकांनी किती वेळा घेतलं ते मी बघितलं नाही, कारण मीही घेत होते. शेवटी त्यांनी पान पुसून घेतलं आणि मान्य केलं, की आपल्याकडेसुद्धा इतकी पातळ सालीची वांगी अलीकडे मिळत नाहीत. नानांनी फक्त अक्कांकडे बघून मिशीला हात लावला.

हात धुताना मला चुलीशेजारी एक ताटली दिसली. तिच्यात धागे होते. लाल एका बाजूला, पिवळे एका बाजूला, नीट सोडवून, गुंता न करता ठेवलेले.

मी पळत विहिरीकडे गेले. झाडं होती. पानं होती. प्लास्टिक व्यवस्थित गुंडाळून दगडाखाली ठेवलं होतं. फळ एकही नव्हतं. बोराएवढी दोन-चार राहिली होती, ती कदाचित भरताच्या लायकीची नव्हती म्हणून.

समिती अजून हात धूत होती; मागून सर, नाना आणि अक्का आले. सरांनी रिकाम्या झाडांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग आपल्या पोटाकडे. नाना मात्र खुशीत होते. अक्कांनी सांगितलं, की काल रात्री नाना घरात येरझाऱ्या घालत होते. जळगाववाले येणार, आपलं भरीत खाऊन नावं ठेवणार, अशी त्यांना धास्ती होती. शेतात दुसरीही वांगी होती, पण ती किडकी, काटेरी. ज्या वांग्यांना पोरीने इतकं जपलं तीच पाहुण्यांना द्यायची, हा विचार त्यांना पहाटे सुचला आणि मग त्यांना झोप लागली.

माझा आवाज चढला. मी नानांना विचारलं, की लक्ष ठेवा म्हटलं होतं ना? नाना गोंधळले. त्यांनी बांधावरच्या काठीकडे बोट केलं. तिथे माझं पिवळं पत्रक वाऱ्यावर फडफडत होतं.

“हाई बठ्ठं जनतानं शे असं तूच लिखेल शे ना?” ते म्हणाले. “मंग पाव्हणा काय जनता नहीत?”

मी लहानपणापासून वाद जिंकत आले आहे, पण माझ्याविरुद्ध माझंच पत्रक कोणी कधी वापरलं नव्हतं. आणि मुद्दा बरोबर होता. पत्रकात कुठेच लिहिलं नव्हतं की जनतेने ती खायची नाहीत. वडिलांनी मागणी घाल म्हटलं होतं. आईने तर शब्दही सांगितले होते. कुंकू पुसलं नसतं तर देवाच्या वांग्यांना नानांनी हात लावला नसता. मी ती देवाच्या तावडीतून सोडवून थेट नानांच्या चुलीत पाठवली होती.

सरांनी मला बाजूला घेतलं. समितीला अजून काही कळलं नसेल, असं ते कुजबुजले, सांग की रानडुकरांनी खाल्ली. दुसरा काही मार्ग नव्हता, हे त्यांच्या घामावरून दिसत होतं. खरं बोलले तर वर्ष गेलं, आणि खोटं बोलले तर कदाचित वाचलं. तेवढ्यात समितीही येऊन पोचली. मी दोन पावलं पुढे गेले आणि अध्यक्षबाईंपुढे उभी राहिले.

“बाई, आत्ता आपण जे जेवलो, ते माझे नमुने होते.”

प्राध्यापकांनी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. सरांनी आकाशाकडे बघितलं. अध्यक्षबाईंनी माझं वाक्य संपलंय की अजून आहे, याची नेहमीसारखी वाट पाहिली.

“सगळे?” त्यांनी विचारलं.

“सगळे. लाल आणि पिवळे एकत्र ठेचलेत.”

मग प्राध्यापकांनी घसा साफ केला आणि अहवालात याची नोंद घ्यावी लागेल, विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणामुळे नमुने नष्ट झाले, वगैरे, असं सुरू केलं. मी म्हटलं, नोंद जरूर घ्या, पण पूर्ण घ्या. नमुने नष्ट कसे झाले, कोणी केले आणि कोणी पान पुसून खाल्ले, तेही लिहा. अर्धं सत्य लिहिलेलं पत्रक आमच्या घरी छापत नाहीत. सरांनी डोळे मिटून घेतले.

अध्यक्षबाई बांधावर बसल्या. त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं, की त्या हसू दाबत आहेत. त्यांनी माझ्याकडून सगळं नीट विचारून घेतलं. धागे कसले, प्लास्टिक कसलं, हळदकुंकू कुठल्या झाडांना होतं आणि कुठल्यांना नव्हतं. झाडं पुन्हा फळणार का, हे त्यांनी मला न विचारता नानांना विचारलं. नाना म्हणाले, वांग्याचं झाड शे, एकदा फळीसन थांबस का ते? तिथेच अध्यक्षबाईंनी निर्णय सांगितला. फळांचा पुढचा बहर येईपर्यंत फेलोशिप चालू राहील. तो बहर जळगावला प्रयोगशाळेत पोचला तर पूर्ण वर्ष, नाही पोचला तर तिथेच पूर्णविराम. पुरावा समितीनेच खाल्लेला असल्यामुळे समितीला याहून कडक होता येत नाही, असं त्या प्राध्यापकांकडे बघून म्हणाल्या. आणि एक अट घातली. झाडांना जे काही होईल ते सगळ्या झाडांना सारखं झालं पाहिजे, आणि जे झालं ते प्रबंधात लिहिलं पाहिजे.

निघताना प्राध्यापकांनी नानांकडून त्या वांग्याचं बी मागून घेतलं. आयुष्यात प्रथमच धुळ्याने जळगावला भरताचं बी दिलं, ही गोष्ट नाना अजून प्रत्येक लग्नात सांगतात.

मी प्लास्टिक पुन्हा चढवलं, नव्या फळांना धागे बांधले आणि पत्रक बदललं. या वेळी मागणी घातली, तीही ठळक अक्षरांत: ‘तोडू नका. भाजू नका. पाहुण्यांना घालू नका.’ पण आता पंचाईत वेगळीच झाली. ती समितीची वांगी म्हणून तालुक्यात प्रसिद्ध झाली होती. विद्यापीठातल्या मोठ्या लोकांनी पान पुसून खाल्ली म्हणजे काहीतरी असणारच. पत्रकाखालून हात घालून लोक फळं चाचपून बघायला लागले. एका सकाळी दोन गेलीसुद्धा. नाना दिवसभर काठी घेऊन बसले, पण त्यांना जेवायला घरी जावं लागायचं, आणि मला जळगावला. बहर वाचणार नाही, हे दिसत होतं.

पुढच्या खेपेला मी गेले तर फळं सगळी जागेवर होती. लाल धाग्याच्या झाडांना बुंध्यापासून हातभर हळदकुंकू फासलेलं होतं, आणि एकाखाली पणतीही होती.

अक्कांनी लावलं होतं. त्यांनी ते लपवलंही नाही. त्यांचं म्हणणं असं, की नानांनी घालवलेलं आपण भरून द्यायला नको का? आणि तुझं पत्रक कोणी वाचत नाही, पोरी, याला मात्र कोणी हात लावत नाही. मी फडकं हातात घेतलं. मग थांबले. पुसलं तर फळं जाणार. शिवाय पुसायचं तर आता लाल झाडं पुसलेली आणि पिवळी न पुसलेली. ठेवायचं तर लाल झाडांना हळद आणि पिवळ्यांना नाही. आणि हळद ही काही साधी गोष्ट नाही. ती अतिनील किरण शोषून घेते. एका बाजूच्या झाडांना हळद आणि दुसऱ्या बाजूला नाही, असा प्रयोग कोणी मांडला तर मीच त्याच्याविरुद्ध पत्रक काढलं असतं. अध्यक्षबाईंची अट मला शब्दशः आठवत होती. जे होईल ते सगळ्यांना सारखं.

वैज्ञानिक विचार केला तर एकच मार्ग उरत होता. मी अक्कांकडून हळदकुंकवाचा करंडा मागून घेतला, प्लास्टिक वर केलं आणि पिवळ्या धाग्याच्या पहिल्या झाडापुढे उकिडवी बसले. अक्कांनी लावलेल्या हळदीच्या पट्ट्याची रुंदी मी पट्टीने मोजली. तेवढीच लावली. मग कुंकू. मग दुसरं झाड. हात लाल-पिवळा झाला होता, दुपारचं ऊन पाठीवर होतं, आणि मी इतकी रमले होते की मागे कोणी येऊन उभं राहिलंय हे मला कळलंच नाही.

वडील होते. पत्रकांचा नवा गठ्ठा काखेत घेऊन धुळ्याहून नानांना भेटायला आलेले. ज्या मुलीला त्यांनी मनगटावर कधी गंडा बांधू दिला नाही, ती त्यांच्यासमोर एका वांग्याच्या झाडाला कुंकू लावत होती. मागे पणती जळत होती.

“बाबा,” मी म्हटलं, “हा कंट्रोल आहे.”

मग मी उठून, करंडा हातात तसाच धरून, त्यांना सगळं सांगितलं. चिकटलेली अक्षरं, हळदीचे गुण, समितीची अट, एका बाजूला लावलं आणि दुसऱ्या बाजूला नाही तर निष्कर्षाला काडीची किंमत कशी राहत नाही. मी बोलत होते आणि ते ऐकत होते. चहाचा एक कप संपायला लागतो तेवढ्या वेळात मी संपवलं. त्यांनी गठ्ठा बांधावर ठेवला, चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मग प्रूफ तपासताना चालायचे तसे ते ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चालत गेले, प्रत्येक बुंध्याशी वाकून बघत.

शेवटच्या झाडाशी थांबले.

“याला राहिलंय,” ते म्हणाले, आणि करंड्यासाठी हात पुढे केला.

ती सगळी वांगी जळगावला पोचली. वर्ष मिळालं. उन्हातल्या सालीत ते प्रथिन खरोखरच जास्त निघालं. माझ्या प्रबंधातल्या पद्धतींच्या प्रकरणात एक वाक्य आहे, की दोन्ही गटांतल्या झाडांना हळद व कुंकू समप्रमाणात लावण्यात आलं. सरांनी ते वगळावं म्हणून फार विनवण्या केल्या. तोंडी परीक्षेत त्यावर कोणी प्रश्न विचारला नाही. अध्यक्षबाईंनी फक्त ते पान उलटताना जरा जास्त वेळ घेतला. छपाई धुळ्याला झाली, आमच्याच छापखान्यात, आणि त्या वाक्याचं शुद्धलेखन आईने तपासलं.